मघासारखं म्हणा ना, बाबा

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला एक पडदा असतो. गिऱ्हाईक पुढे आरशात स्वतःचं नाक निरखत बसतं आणि पडद्यामागे कुणीतरी त्याच्या काचा फ्रेमच्या मापाने घासत असतं. त्या कुणातरीकडे कुणाचं लक्ष जात नाही. टकटक्या तिथे बसायचा. हे नाव त्याला घरच्यांनीच दिलेलं. लहानपणापासून त्याची बोटं कधी म्हणून जागेवर राहिली नाहीत. जेवताना ताटावर, शाळेत बाकावर, आणि आई रागवायला लागली की पाठीमागे लपवलेल्या हातांची एकमेकांवर टकटक चालूच. आता तिशी ओलांडली तरी नाव सुटलं नव्हतं आणि खोडही गेली नव्हती.

काच घासायचं चाक पाणी पीत दिवसभर एका सुरात किरकिरतं. दुसऱ्या कुणाचं डोकं उठलं असतं. टकटक्याला त्यात गाणी ऐकू येत. फोन चाकाजवळ धरून तो आवाज टिपायचा, घरी जाऊन संगणकात घालायचा, ताणायचा, कापायचा, उलटा वाजवायचा, खाली ठोके लावायचे, की झालं इलेक्ट्रॉनिक संगीत. म्हणजे तो म्हणायचा, झालं. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अरे, ते पंख्याचं काय बिघडलंय ते बघ आधी!"

बाबांनी मात्र कधी चेष्टा केली नाही. ते स्वतः आवाजाचे माणूस. जन्मभर बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या त्यांनी. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठलीला उशीर आहे, कुणाचं मूल हरवून चौकशीच्या खिडकीशी रडत बसलंय, हे सगळं गावाला बाबांच्या घशातून कळायचं. त्या घशाचे त्यांनी लाडही तसेच केले. थंड प्यायचं नाही, कुणावर ओरडायचं नाही. बाजारात उभं राहून नुसतं "अर्धा किलो द्या" म्हणाले की शेजारचं माणूस वळून बघायचं, "अहो, तुम्ही स्थानकावरचे ना?" मग बाबा घरी येत ते हवेतच. भाजी किडकी निघाली तरी त्या दिवशी आई काही बोलायची नाही.

निवृत्त होऊन वर्ष उलटतंय तोवर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, वाचा नाही. शब्द डोक्यात तयार असायचा, ओठांपर्यंत यायचा आणि तिथे येऊन मोडायचा. आठवड्यातून एकदा वाचोपचाराच्या मॅडम येत. त्यांनी सांगितलं होतं, रोज सराव करून घ्या आणि रेकॉर्ड करून मला पाठवा, म्हणजे कितपत फरक पडतोय ते कळेल. घरात माईक एकट्या टकटक्याकडे, म्हणून ते काम त्याच्याकडे आलं. रेकॉर्डिंग मॅडमना जायचं. बाबांनी ते कधी ऐकायला मागितलं नाही आणि त्यांना ऐकवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता लेबलांचं सांगायला हवं, कारण टकटक्याचा जीव त्यांच्यात अडकला होता. लेबल म्हणजे संगीत निवडून प्रसिद्ध करणारी मंडळी. मोठ्यांचे थाट मोठे, पण हा करायचा तसल्या संगीताची लेबलं म्हणजे बहुतेक वेळा एक माणूस, एक खोली आणि एक ईमेलचा पत्ता. इंटरनेटवर आपलं आपण गाणं टाकायला कुणी अडवत नाही, पण ते म्हणजे स्वतःच स्वतःच्या पाठीवर थाप मारणं. लेबलाने "हा आमचा" म्हटलं तर गोष्ट वेगळी. टकटक्याला तेवढंच हवं होतं. पडद्यामागून कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी, बस.

पहिल्या खेपेला त्याने असा काही घोळ घातला की आजही आठवण निघाली तर कानाच्या पाळ्या लाल होतील. सापडतील तेवढ्या लेबलांचे पत्ते गोळा केले, सगळे एकाच ईमेलवर ओळीने टाकले आणि खाली लिहिलं, "सगळ्या लेबलांमध्ये तुमचंच लेबल मला सर्वांत जवळचं वाटतं." ज्याला मिळालं त्याला बाकीचे सगळे पत्ते दिसत होते. एका मालकाने सगळ्यांना मिळून उत्तर दिलं, "आम्हां सगळ्यांनाच का हो?" त्याखाली दुसऱ्याने हसून घेतलं, मग तिसऱ्याने. जणू सगळी भावकी एका ओसरीवर जमली आणि मधोमध हा उघडा उभा. त्या दिवशी दुकानात त्याने एका आजोबांची डावी काच उजवीकडे बसवली आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या. शिव्या त्याला बऱ्या वाटल्या, निदान त्या कामाबद्दल होत्या.

मग तो शिकला. एका वेळी एकच लेबल गाठायचं. आधी त्यांची गाणी कान देऊन ऐकायची. दोन ओळी लिहायच्या, स्वतःचं पुराण लावायचं नाही, एकच गाणं पाठवायचं, तेही बाहेर कुणाला न दिसणाऱ्या लिंकवर. या लिंकचा एक छळ असतो. समोरच्याने कुठपर्यंत ऐकलं ते ती दाखवते. टकटक्याचे ठोके सुरू व्हायच्या आधीच लोक उठून जात. एकाने तेवढे कष्ट घेऊन लिहिलं, "नीटनेटकं आहे. असं आमच्याकडे रोज येतं." शिवी दिली असती तर तो विसरला असता. 'नीटनेटकं' मात्र त्याच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं.

अशातच एकदा बाबांचं रेकॉर्डिंग मॅडमना पाठवता पाठवता त्याचा हात थबकला. शब्द होता 'पाणी'. बाबा म्हणत होते, "प्पा... आ... प्पा..." आणि मग ओठांच्या एका कोपऱ्यातून सुटलेला, शीळ घातल्यासारखा श्वास. 'णी' यायचाच नाही. ऐकणारा त्या 'णी'ची वाट बघत राहायचा. टकटक्याने तेवढा तुकडा कापला, खाली ठोके घातले, मागे चाकाची किरकिर लांबवर ताणली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून असं काहीतरी झालं जे नीटनेटकं नव्हतं. त्याच्याच अंगावर काटा आला. आनंदाने आला, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

एक लेबल त्याने भीतीने शेवटासाठी राखून ठेवलं होतं. एक बाई ते चालवत. थोडी गाणी काढत, पण काढलेल्या प्रत्येकावर हा मनातून जळायचा. त्यांना त्याने ते गाणं पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. "सकाळपासून हेच ऐकतेय. हा आवाज कुणाचा?"

त्याने लिहिलं, "माझ्या वडिलांचा." मग ते खोडलं. मग लिहिलं, "कुणाचा नाही. सॉफ्टवेअरमध्ये तयार केलाय."

का खोडलं? त्याला विचाराल तर म्हणेल, घरातलं दुखणं बाहेर कशाला. अर्धं खरं आहे ते. आजारी बापाच्या आवाजावर आपण ओळखले जाणार याची त्याला लाज वाटली. आणि उरलेलं अर्धं असं की सगळी शाबासकी त्याला एकट्याला हवी होती. बाई आवाजावर भाळल्या होत्या, तर तो आवाजही आपल्याच हातचा असावा, एवढा साधा आणि एवढा कोता विचार.

"कमाल केलीत," बाईंनी लिहिलं. "आम्ही काढतो हे. सगळे पट्टे वेगवेगळे करून पाठवा." पट्टे म्हणजे गाण्यातला एकेक आवाज सुटा सुटा: ठोके एका फाइलमध्ये, सूर दुसरीत, माणसाचा आवाज तिसरीत. म्हणजे त्यांच्या जाणकाराला हवं ते वरखाली करून गाणं तयार करता येतं.

घरी सांगितल्यावर आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, तिला आनंद झाला की ती तेच करते. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी डाव्या हाताने त्याला जवळ बोलावलं आणि सुरू केलं, "शा... बा..." शेवटचा 'स' काही केल्या येईना. कपाळावर घाम आला, आई म्हणाली, "असू दे हो, कळलं त्याला," पण बाबा सोडीनात. 'स' निघेपर्यंत त्यांनी त्याचं मनगट धरून ठेवलं. टकटक्या सगळा वेळ त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होता.

मग आनंदाच्या भरात त्याच्याकडून एक चूक झाली, असली कामं करणाऱ्यांकडून हमखास होते तशी. ज्या लांबलचक रेकॉर्डिंगमधून त्याने तुकडा कापला होता, ते आख्खं त्याने गाण्याच्या फाइलमध्ये सगळ्यांत खाली ठेवलं होतं, आवाज बंद करून. लागलंच तर असावं म्हणून. पट्टे पाठवताना त्याने सगळे एकदम निवडले आणि हा बंद केलेला पट्टाही गेला. आवाज फक्त त्याच्या संगणकावर बंद होता, बाईंकडे नव्हता.

बाईंचा फोन आला तेव्हा तो दुकानात चाकावर होता. पडद्यापलीकडे एक गिऱ्हाईक ताटकळत होतं.

"तुमचं सगळं मिळालं," बाई म्हणाल्या. "जरा जास्तच मिळालं."

"म्हणजे?"

"शेवटचा पट्टा. तुमचं सॉफ्टवेअर बरंच थकलेलं दिसतंय. मध्येच खोकतं. एक बाई येऊन त्याला विचारतात, पाठीला उशी देऊ का."

टकटक्याने चाक बंद केलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटणं म्हणजे काय, ते त्याला त्या पडद्यामागे कळलं.

"माझे वडील आहेत ते," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. माफ करा."

"ते जाऊ द्या. खोटं सगळेच बोलतात, माझ्याकडे येणारे तर रोज. त्यात एके ठिकाणी ते 'पाणी' म्हणतात. स्वच्छ म्हणतात. आणि त्यावर तुम्ही काय म्हणता, ते आठवतं तुम्हाला?"

आठवत होतं. आठवायला नको म्हणूनच त्याने तो पट्टा पुन्हा उघडला नव्हता.

त्या सकाळी बाबा ताजेतवाने होते. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे आईने पाण्याचा पेला समोर ठेवला होता. बराच वेळ "प्पा... आ..." चाललं होतं आणि टकटक्या कानाला हेडफोन लावून, डोळे संगणकावर उमटणाऱ्या आवाजाच्या रेषेवर खिळवून बसला होता, कारण त्या तुटक्या आवाजात गाणं आहे हे त्याला त्याच क्षणी ऐकू आलं होतं. आणि एकाएकी बाबा म्हणाले, "पाणी." सलग. झटका आल्यापासून पहिल्यांदा. ते स्वतःच दचकले. आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. बाबांनी पोराकडे पाहिलं, परीक्षेत पहिला आलेला मुलगा घरी येऊन बघतो तसं. आणि पोरगा म्हणाला, "नको नको. मघासारखं म्हणा ना, बाबा. ते तुटत होतं ना, तसं."

बाबा गोंधळले. मग त्यांना वाटलं असावं, आपलंच काहीतरी चुकलं. पोरगा मॅडमशी बोलतो, त्याला जास्त कळतं. आणि त्यांनी आज्ञाधारकपणे, नीट लक्ष देऊन, तो सापडलेला शब्द पुन्हा मोडला. "अजून एकदा," टकटक्या म्हणाला. त्यांनी अजून एकदा मोडला. गाण्यात होता तो हाच तुकडा. आई तोवर स्वयंपाकघरात परत गेली होती. त्यानंतर कित्येक दिवस बाबांना 'पाणी' म्हणता आलं नाही. त्या सकाळचं रेकॉर्डिंग मॅडमपर्यंत गेलंच नव्हतं; आईकडून ऐकून त्या म्हणाल्या, असं मागेपुढे होतच असतं. टकटक्याने ते कारण झटकन उचललं आणि खिशात घातलं.

"ऐकताय ना?" फोनवर बाई विचारत होत्या.

"हो."

"गाणं चांगलं आहे. तीच तर पंचाईत आहे. वाईट असतं तर मी फोनच केला नसता. ते त्यांना ऐकवा. त्यांची परवानगी असेल तर काढू. आणि ते हो म्हणाले असं तुम्ही मला सांगू नका. त्यांना फोनवर आणा. त्यांना कितीही वेळ लागू दे, मी धरून बसेन."

सुट्टीच्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर त्याने स्पीकर बाहेरच्या खोलीत आणून ठेवला. आई खाली बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. गाणं परवानगीशिवाय निघणार नाही एवढं त्याला कळत होतं. तरी मनात एक आशा होती, आणि तिचीही त्याला लाज वाटत होती. बाबा खूश होतील. म्हणतील, माझा आवाज पुन्हा लोकांत चालला.

"बाबा, ते गाणं. ऐकता?"

बाबांनी मान हलवली आणि सावरून बसले. ठोके सुरू झाले. डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलायला लागली, ही खोड मुलाने कुठून उचलली ते उघडच होतं. मग आवाज आला. "प्पा... आ... प्पा..." आईचे हात घडीवर थांबले. तिने मुलाकडे पाहिलं, आणि त्या नजरेत प्रश्न नव्हता, सगळं कळलेलं होतं.

बाबांची बोटंही थांबली. ते पुढे वाकून, भुवया आक्रसून ऐकत राहिले. गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "को... ण?"

टकटक्याला वाटलं, 'हा माझाच आवाज का' असं ते विचारतायत. पण तसं नव्हतं. बाबांच्या चेहऱ्यावर कळवळा होता, दुसऱ्याचा.

"बि... चा..." त्यांनी श्वास घेतला. "...रा."

त्यांनी ओळखलंच नव्हतं. ओळखणार कसे? त्यांच्या कानात अजून स्थानकावरचा तो आवाज होता. थोडा अडतो, पण तोच. आपण बाहेर कसे ऐकू येतो ते त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

टकटक्याला म्हणता आलं असतं, आहे कुणीतरी, बाबा, ओळखीचा. म्हणून मोकळा झाला असता आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरलं गेलं असतं. आई मान हलवत होती, नको, नको म्हणून. पण एक खोटं बोलून तो इथवर आला होता, आणि आता तो आवाज दुसऱ्या कुणाचा म्हणायचा म्हणजे तो बाबांकडून चोरून वर त्यांचाच नाही म्हणायचं.

"तुम्ही, बाबा," तो म्हणाला. "तुमचा आवाज आहे."

बाबा हसले, आधी. मग आईकडे पाहिलं. आई घडीकडे बघत होती.

"मी?" हा शब्द त्यांना सहज आला.

"त्या दिवशी तुम्ही नीट म्हणाला होतात. माझं चुकलं. मीच तुम्हाला म्हटलं..."

बाबांनी डावा हात वर केला. पूर्वी स्थानकावर माईक चालू असला आणि कुणी खोलीत आलं की करत तसा. मग स्पीकरकडे बोट दाखवलं. त्यांना पुन्हा ऐकायचं होतं. त्याने लावलं. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत बसून त्यांनी तो बिचारा माणूस पुन्हा एकदा शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग उठले, भिंतीला धरत आत गेले आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले.

टकटक्याने लेबलवाल्या बाईंना लिहिलं, गाणं काढायचं नाही. बाईंचं एका शब्दाचं उत्तर आलं, "समजलं." तेवढ्याने ते दार बंद झालं. गंमत अशी की त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, ते गेलं तेव्हा त्याचं लक्षच दुसरीकडे होतं.

कारण बाबा बोलायचे थांबले होते. हवं ते बोटाने दाखवत, नको ते ढकलून देत. शेजारचे विचारपूस करायला आले की डोळे मिटून घेत. मॅडम आल्या, पेला ठेवला, चमचा ठेवला, गोड बोलल्या, दटावून बोलल्या. बाबांनी ओठ घट्ट मिटले ते मिटलेच. "एवढी प्रगती होत होती, अचानक काय झालं हो?" मॅडमनी जिन्यात विचारलं. आईने मुलाला सांभाळून घेतलं. म्हणाली, "मनावर घेतात हो ते." टकटक्या शेजारीच उभा होता. आईने चारचौघांत थोबाडीत मारली असती तर त्याला हलकं वाटलं असतं.

एका सकाळी दुकानात निघायच्या आधी तो सवयीने बाबांच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसला. हातात फोन नव्हता, माईक नव्हता. नुसता बसला. आईने पाण्याचा पेला ठेवला होता, तीही सवयच. बाबांनी पेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बराच वेळ पाहिलं. मग ओठ हलायला लागले.

"तू," बाबा म्हणाले. मग दाराकडे बोट केलं. "बाहेर."

शब्द आख्खा आला होता. कुठे न मोडता, शेवटच्या 'र'पर्यंत. आईने चमकून पाहिलं. नीट म्हणालात, बाबा, असं टकटक्याच्या अगदी ओठांवर आलं, पण ते सांगायची वेळ त्याने मागेच घालवली होती. तो उठला. बाहेर जाऊन त्याने दार ओढून घेतलं.

दाराआडून आईचं काहीतरी समजावणं ऐकू आलं, आणि मग बाबांच्या दबक्या आवाजात, "प्पा..." तो घाईघाईने जिना उतरला. खाली आला तर वरची खिडकी उघडी होती, म्हणून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. तिथे रहदारीत काही ऐकू येत नव्हतं. सराव संपला म्हणून आईने खिडकीतून हात करेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.